मदत हवी आहे : कोऱ्या कॅसेटचे उत्पादनवर्ष कसे ठरवावे?

शहापूरकर : खडे बाजारातील एका बंद पडलेल्या दुकानाचा माल निघाला, त्यातून मी काही कोऱ्या कॅसेटी घेतल्या. त्यांवर कोठेही वर्ष छापलेले नाही. निपाणीचे एक संग्राहक रविवारी अदलाबदलीसाठी येणार आहेत, त्यापूर्वी उत्तर हवे आहे. कृपया गूगल करण्यास सांगू नये. ते करून झाले आहे.

टिळकवाडीचा श्रोता : कंपनी कोणती, प्रकार कोणता, कॅसेटी सीलबंद आहेत की उघडलेल्या, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. वर्ष कशावरून सांगावे?

चिकोडीकर : वर्षाचा शोध घेण्यापेक्षा त्या लवकरात लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. माझ्याकडची भजने मी अशीच वाचवली. त्यासाठी लागणारी तार स्वस्तात मिळते.

शहापूरकर : चिकोडीकर साहेब, कोऱ्या कॅसेटीतून काय उतरवून घेणार? कंपनी अर्थातच टीडीके आहे, एसए ९० (एसए मालिकेतील नव्वद मिनिटांची कॅसेट). सगळ्या सीलबंद आहेत, पण वेष्टनांची छपाई एकसारखी नाही.

टिळकवाडीचा श्रोता : मग बरेच काही सांगता येते. एसए ही मालिका १९७५ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीची शक्यता उरत नाही. आता वेष्टनावरील सर्वांत बारीक अक्षरे भिंगाने वाचावीत. टोकियो डेन्की कागाकु ही १९३५ साली फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या उत्पादनासाठी स्थापन झालेली कंपनी इंग्रजीत स्वतःला ‘टीडीके इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणवीत असे, आणि १९८३ मध्ये तिचे नाव ‘टीडीके कॉर्पोरेशन’ झाले. जुने नाव असेल तर छपाई १९८३ पूर्वीची समजावी. मात्र छापून ठेवलेली वेष्टने नंतरही काही काळ वापरली गेली असू शकतात, म्हणून नोंदवहीत नेमके वर्ष न लिहिता कालखंड लिहावा.

खानापूरचा टेप दुरुस्तीवाला : कागदावर इतका विश्वास ठेवू नये. त्या काळी आखाती देशांतून परतणारे लोक अस्सल जपानी माल आणत आणि त्याच सुमारास हुबेहूब वेष्टनातील बनावट मालही बाजारात फिरत असे. एक कॅसेट उघडून आतली फीत पाहावी. फीत दाबून धरणाऱ्या पट्टीवरील फेल्टचा (जाड लोकरी कापडाचा) तुकडा निघाला असल्यास तोही डिंकाने चिकटवता येईल.

टिळकवाडीचा श्रोता : दादा, सील फोडले की संग्राहकासाठी अर्धी किंमत तेथेच संपते! एसए ही ‘टाइप टू’ म्हणजे दुसऱ्या प्रकारात मोडणारी फीत आहे. तिच्यात कोबाल्टची प्रक्रिया केलेले आयर्न ऑक्साइड असते आणि ती टेपरेकॉर्डरचे ‘क्रोम’ हे बटण दाबून वाजवायची असते. अशा कॅसेटच्या मागच्या कडेला, ध्वनिमुद्रण पुसले जाऊ नये म्हणून तोडायच्या छोट्या कानांच्या शेजारी, आणखी दोन खाचा असतात. पारदर्शक वेष्टनातून त्या न उघडताही दिसू शकतात.

खानापूरचा टेप दुरुस्तीवाला : खाच कोणीही पाडू शकतो. मी आयुष्यभर हीच यंत्रे उघडली आहेत.

संकेश्वरचे वाचक : या वादात कॅसेटचा मूळ इतिहास विसरू नये. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली आणि तिच्या फितीची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर होती. सी-१२०, म्हणजे एकशेवीस मिनिटांची कॅसेट, मात्र कोणीही विकत घेऊ नये. तिची फीत फार पातळ असते आणि यंत्रात अडकून गुंडाळली जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटी लाकडी कपाटाऐवजी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात.

शहापूरकर : सी-१२० माझ्याकडे नाही आणि कपाटाविषयी मी विचारले नव्हते, तरी आभार. भिंगाने पाहिले. काहींवर ‘इलेक्ट्रॉनिक्स’ आहे, काहींवर ‘कॉर्पोरेशन’. पहिल्या गटासमोर ‘१९७५ ते १९८३’ असे लिहितो. खानापूरकरांच्या समाधानासाठी एक फाटके वेष्टन उघडले : आत पाच स्क्रू आहेत आणि फेल्ट जागेवर आहे. याच खोक्यात एक कॅसेट बीएएसएफ या जर्मन कंपनीची आहे, तिच्यावर ‘एम्टेक’ असेही छापले आहे. ती कोणत्या काळातील असावी?

टिळकवाडीचा श्रोता : बीएएसएफने आपला चुंबकीय फितींचा व्यवसाय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकला आणि ‘एम्टेक’ हे नाव त्याच सुमारास आले. म्हणजे ती आपल्या टीडीकेंपेक्षा बरीच नवी आहे आणि अदलाबदलीत आधी तीच पुढे करावी. मात्र खोक्यात आणखी कोणत्या कंपन्या आहेत, हे रविवारपूर्वीच एकदा लिहून टाकावे.