आधी इतिहास नको, आधी एक गाव

रोलप्लेइंग खेळासाठी, म्हणजे खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतात त्या खेळासाठी, तुम्ही एक काल्पनिक जग रचताय. पण आधी त्या जगाचा हजार वर्षांचा इतिहास आणि सगळे देव लिहून काढायचे, मग खेळायला बसायचं, हा तुमचा बेत मला पटत नाही. खेळाडू पहिल्या बैठकीत एका गावापलीकडे जात नाहीत. पायी माणूस दिवसाला साधारण ३० किलोमीटर चालतो, त्यामुळे गावाभोवती दोन दिवसांच्या वाटेचा नकाशा सुरुवातीला भरपूर झाला. नद्या मात्र नीट काढा. त्या वाहताना एकमेकींना मिळतात, फाटे फुटतात ते बहुतेक मुखाजवळ. डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला पाऊस, पलीकडे कोरडं. एवढं पाळलं की वस्ती कुठे आणि भांडण कशावरून, हे आपोआप सुचत जातं.

नवेपणासाठी नवी नावं लागत नाहीत, एक वेगळा नियम घ्या आणि तो शेवटपर्यंत ताणा. मी माझ्या जगासाठी घेतला होता: मेलेली माणसं मिठाची रेघ ओलांडू शकत नाहीत. मग मिठाच्या वखारीवर राजवाड्यापेक्षा कडक पहारा आला, उंबरठ्यांत मीठ भरलेल्या खाचा आल्या, आणि पावसाळा म्हणजे भीतीचा काळ ठरला, कारण रेघ विरघळते. एका खेळाडूने विचारलं, "मग समुद्रात बुडालेल्यांचं काय?" मला उत्तर माहीत नव्हतं. पुढचे चार महिने आम्ही तेच शोधत खेळलो. असे प्रश्न येतील तेवढ्या जागा मोकळ्या ठेवा, अगदी मनापासून सांगतो.

तुमच्या जगातला तो एक नियम कोणता? तेवढा सांगा, गाव मिळून उभं करू.