एकच नाव, निरनिराळे फोटो: तुमचेही अनुभव लिहा

पायरीवरची
आज सकाळी दादरच्या फुलबाजारात एका बाईंच्या टोपलीत सोनचाफा दिसला. उमलू नये म्हणून प्रत्येक कळीला दोरा गुंडाळलेला. वास आला आणि मी पुलाखालीच उभी राहिले.

आठ वर्षांची असेन. सुट्टीत गिरगावात मावशीकडे होते. तिला हळदीकुंकवाला जायचं होतं, म्हणाली, "जा गं, चाफा घेऊन ये." मी पळत जाऊन देवळामागचा पांढरा चाफा ओंजळभर घेऊन आले. फ्रॉकवर सगळा चीक. तिला केसांत माळायला सोनचाफा हवा होता. ती रागावली नाही. "हाही चाफाच की," म्हणाली, माझी फुलं देवापुढे ठेवली आणि तशीच, काही न माळता, हळदीकुंकवाला गेली.

मावशी आता नाही. फोनला बरा कॅमेरा आल्यापासून मी चाफे जमवतेय. सोनचाफा, पांढरा, त्यातलाच लाल. राणीच्या बागेत नागचाफा मिळाला. गावी भुईचाफा, पान नाही काही नाही, उन्हाळ्यात कोरड्या मातीतून थेट फूलच वर. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही आणि नाव सगळ्यांचं एक. हिरवा चाफा मात्र अजून मिळालेला नाही.

तुम्ही कुणी असे एका नावाचे फोटो काढलेत का? चाफाच हवा असं नाही. कशाचेही चालतील, लिहा.

नऊबावीस
सोनचाफा!! आमच्या डब्यात विरारहून एक मावशी चढतात, त्यांच्या पिशवीत वसईचा चाफा असतो. अंधेरीपर्यंत अख्खा डबा दरवळतो. फोटो कधी काढला नाही, उद्या काढते. बोरिवली आलं, उतरते

कुकरच्या_तीन_शिट्ट्या
नागचाफा म्हणजेच नागकेशर, गोड्या मसाल्यातलं. मी डब्यातल्या वाळक्या कळ्यांचा फोटो काढून लेकीला पाठवला, तिने झाडावरच्या फुलाचा. पांढऱ्या चार पाकळ्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. वीस वर्षं मसाला करतेय आणि फूल आत्ता पाहिलं.

फिरता_कॅमेरा
माझं उलट झालं. नाव एक, पण वस्तूच जागेवर नाही. मी मुंबईतले तलाव काढायला निघालो होतो.

धोबीतलावापासून सुरुवात केली. तलाव कधीच बुजलेला, सिग्नल आणि बसचा फोटो घेतला. सी. पी. टँकला गेलो, टाकी नाही. दो टाकीला गेलो, तिथे तर दोन हव्या होत्या. गोवालिया टँकचं मैदान झालेलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला ते हेच. पोरं क्रिकेट खेळत होती, एकाने विचारलं, काका कशाचा फोटो काढताय? म्हटलं, तलावाचा. तो गंभीरपणे मागे वळून बघत राहिला.

शेवटी दमून बाणगंगेला गेलो. पायऱ्या उतरलो, पाण्यात खरीखुरी बदकं. तिथे बसून सगळे फोटो ओळीने पाहिले आणि पहिल्यांदा जाणवलं की या शहराखाली केवढं पाणी झाकलेलं आहे. आजोबा सांगायचे, तेव्हा मी लक्ष द्यायचो नाही.

कांदेपोहे
@फिरता_कॅमेरा पवई विसरलात. १८९१ चा आहे आणि अजून जागेवर आहे

फिरता_कॅमेरा
विहार १८६० चा, तोही राहिला. पुढच्या रविवारी दोन्ही.

मुगभाटची
पायरीवरची ताई, तुमच्या मावशी फणसवाडीत होत्या का? देवळामागे पांढरा चाफा म्हणालात म्हणून विचारलं. आमच्या चाळीच्या गॅलरीतून असंच एक झाड दिसायचं.

पायरीवरची
अगं हो, तिथून जवळच! तू कुठल्या चाळीत?

मुगभाटची
चाळ पाडली हो. टॉवर झाला. झाड आहे पण, बिल्डरला सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं. व्यक्तिगत निरोप पाठवते.

आसुपालव
अशोक! लेकाला शाळेत अशोकाच्या झाडाचा फोटो न्यायचा होता. सोसायटीतल्या उंच सरळसोट झाडाचा काढून दिला. बाईंनी परत पाठवला, हा आसुपालव, खरा अशोक आणा. मला वाईट वाटलं, कारण लहानपणापासून आम्ही त्यालाच अशोक म्हणतो. मग सीतेचा अशोक शोधला. केशरी-लाल गुच्छ, थेट फांदीला चिकटलेले. लेकाने दोन्ही फोटो शेजारी लावले आणि खाली लिहिलं, 'दोघेही अशोक.' बाईंनी त्यावर चांदणी दिली. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

कांदेपोहे
बाई चांगल्या आहेत. चिंचेचंही तसंच ना, चिंच, विलायती चिंच, गोरखचिंच. वसईच्या किल्ल्यात गोरखचिंच आहे, बुंधा कवेत घ्यायला चार जण लागले आम्हाला

नऊबावीस
आणि चिंचपोकळी 😄

कांदेपोहे
चिंचबंदर पण

परळचा_थोरला
मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

बाबांना गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की दृष्टी हळूहळू जाणार. रेल्वेत होते. विचारलं, काय बघायचंय? म्हणाले, "तिन्ही राण्या." मला कळेना. मग त्यांनीच बोटावर मोजल्या: राणीची बाग, दख्खनची राणी, राणीचा हार.

एका दिवसात तिन्ही केल्या. बाग बुधवारी बंद असते, म्हणून गुरुवार धरला. सकाळी भायखळ्याला. बाबांनी प्राण्यांपेक्षा झाडंच जास्त पाहिली, उर्वशीच्या झाडाखाली बराच वेळ बसले. नंतर सीएसएमटी. पाच दहाला दख्खनची राणी सुटते. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, बाबा तिला अजून 'ती' म्हणतात. फलाटावर मी त्यांचा फोटो काढला. मागे गाडी सरकतेय आणि त्यांचा हात वर आहे. तिला निरोप देत होते की गार्डला खूण, विचारायचं राहिलं.

अंधार पडता पडता टॅक्सीने कमला नेहरू पार्क गाठलं. वरून मरीन ड्राइव्हचे दिवे लागले. मध्यंतरी तिथे पांढरे दिवे लावले होते, तेव्हा हार मोत्यांचा व्हायच्या ऐवजी ट्यूबलाइटचा वाटायचा. पुन्हा पिवळे केले ते फार बरं झालं. बाबा म्हणाले, "एकेक दिवा नाही दिसत रे. पण वळण दिसतंय."

तिन्ही फोटो मोठे छापून त्यांच्या खोलीत लावलेत. आता जवळ जाऊन बघतात.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या
दादा, वाचता वाचता पोळी करपली. बाबांना नमस्कार सांगा.

आसुपालव
माझाही. माझ्या सासऱ्यांना असंच होतं. छापील फोटो जितके मोठे तितकं त्यांना बरं पडतं, आणि खोलीत उजेड पिवळा ठेवा, पांढरा डोळ्यांवर येतो म्हणायचे.

परळचा_थोरला
आज संध्याकाळीच बल्ब बदलतो. आभार ताई.

कॉलेजरोड
मुचकुंद कुणी लिहिला नाही? त्यालाही कनकचाफा म्हणतात. कळी बोटापेक्षा लांब, तपकिरी मखमलीची, आणि केळं सोलावं तशी सोलत उघडते. रात्री उमलते, सकाळी फुलं खाली पडलेली असतात. झाडाकडे न बघता पहाटे जमिनीकडे बघा, फोटो तिथेच मिळतो. पान उलटं करून पाहा, मागून चंदेरी.

पायरीवरची
वा! मी वर बघत फिरत होते. आणि @परळचा_थोरला, मी मघाशी काहीच लिहू शकले नाही. बाबांना नमस्कार.

मुगभाटची
ताई, हिरवा चाफा आमच्या आताच्या सोसायटीत आहे, मुलुंडला! कंपाउंडवर चढलाय, देठाच्या आकड्यांनी धरून धरून जातो. कोवळं फूल पानासारखंच हिरवं, त्यामुळे डोळ्यांनी शोधू नका. संध्याकाळी या आणि नाकाने शोधा. पिकल्या फळासारखा वास येतो. पिवळं पडायला लागलं की सगळ्यात जास्त.

पायरीवरची
शनिवारी येऊ?

मुगभाटची
या ना, जेवायलाच या.

नऊबावीस
डब्यातल्या मावशींनी फोटो काढू दिला! वर एक फूलही दिलं. पाण्याच्या बाटलीत घालून टेबलावर ठेवलंय, ऑफिसातले सगळे येऊन वास घेऊन जातायत.

पायरीवरची
शनिवारी जाऊन आले. मुगभाटचीने तिच्या आईच्या हातचं भरलं वांगं वाढलं, चाळीतले जुने फोटो दाखवले. त्यातल्या एकात गॅलरीत कडेला उभी असलेली बाई मावशीच असावी असं मला राहून राहून वाटतंय. चेहरा हललाय, पण अंबाड्यात फूल आहे.

हिरव्या चाफ्याचे बत्तीस फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर नुसती पानंच पानं. त्यातला एक इथे लावतेय. फूल यात आहे, मी समोर उभी राहून वास घेतलाय. पण आता मलाच सापडत नाहीये.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या
मोठा करून पाहिला. नाही दिसत.

कॉलेजरोड
मधल्या फांदीवर?

पायरीवरची
तिथे नव्हतं, जरा खाली होतं.

परळचा_थोरला
बाबांना भिंग देऊन दाखवला. ते म्हणतायत, उजवीकडे खालून तिसरं पान बघा, त्याच्या कडेने देठाचा आकडा वळलाय. आकड्याला लोंबतंय ते पान नाही.

पायरीवरची
तेच! तेच ते. बाबांना सांगा, तेच.