वाफेच्या बॉयलरवर एका खोलीपुरता गरम पाण्याचा झोन निघेल का?

सई_जर्सी
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतलं आमचं घर शंभरेक वर्षं जुनं आहे. तळघरात गॅसचा स्टीम बॉयलर, वर एका पाइपवाले ओतीव लोखंडी रेडिएटर. आधीच्या मालकांनी मागचा पोर्च बंद करून खोली केली, पण तिथे रेडिएटर दिलाच नाही. तीन भिंती बाहेरच्या. जानेवारीत लादीवर पाय ठेववत नाही. डिसेंबरात आई-बाबा येतायत. आईला जिना चढवत नाही, म्हणजे त्यांची सोय याच खोलीत करायची आहे.

वाफेचा पाइप तिथवर न्यायचा तर मधे गर्डर आडवा येतो, उतार मिळत नाही. म्हणून बेसबोर्डमधून (भिंतीच्या पायथ्याशी बसणारा लांबट हीटर) गरम पाणी फिरवायचा विचार आहे. खोलीला ताशी साधारण 10,000 बीटीयू (उष्णतेचं एकक) लागतील. एक प्लंबर म्हणाला, आख्खा बॉयलर बदला. बॉयलर तर चांगला चाललाय. पाटीवर 400 स्क्वेअर फूट लिहिलंय, रेडिएटरांची बेरीज 340 भरते. खरंच बदलावा लागेल का?

बोस्टनकाका
सई, अजिबात बदलू नकोस. बॉयलरच्या खालच्या अर्ध्या भागात गरम पाणीच असतं, तेच वापरायचं.

आधी हिशेब बघ. वाफेच्या रेडिएटरचा एक स्क्वेअर फूट म्हणजे ताशी 240 बीटीयू. तुझे 60 फूट शिल्लक आहेत, म्हणजे 14,400. शिवाय थंड पाइप तापवायला पाटीवरच्या आकड्यापलीकडे साधारण 33 टक्के जास्तीची ताकद धरलेली असते. तुझी खोली त्यात आरामात बसते.

अनिरुद्ध_एनवाय
आमच्या तळघरातल्या खोलीला असंच केलंय. वॉटरलाइनच्या (बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीच्या) खालून पाणी काढलं, गाळणी, ब्राँझचा पंप, बेसबोर्ड, आणि परत बॉयलरमध्ये. हीट एक्स्चेंजर (दोन्हीकडचं पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारं यंत्र) वगैरे काही नाही. स्वस्तात झालं, छान चालतं.

बोस्टनकाका
अनिरुद्ध, तुमचा बेसबोर्ड तळघरात आहे. सईचा बॉयलरच्या वॉटरलाइनपासून सहा-सात फूट वर जाणार, तिथे गणित वेगळं. बंद लूपमध्ये पाणी वर टिकतं, पण सात फुटांवर दाब जवळजवळ 3 पीएसआयने कमी होतो आणि पाणी 212 ऐवजी 200 फॅरनहाइटच्या आसपासच उकळतं. घरात वाफ चालू असताना तेच पाणी वर गेलं की पाइपात धडाधड आवाज. बायपास लावून परतीचं गार पाणी मिसळलं तर टळतं, मान्य. पण वरच्या भागात कुठे हवा शिरली की सगळं पाणी खाली बॉयलरमध्ये उतरतं आणि तो तुडुंब भरतो.

म्हणून सई, तू प्लेट हीट एक्स्चेंजर घे. बॉयलरचं गढूळ पाणी एका बाजूने फिरेल आणि वॉटरलाइनच्या खालीच राहील. तिथला पंप मात्र ब्राँझ किंवा स्टेनलेसचाच हवा, कारण त्या पाण्यात हवा असते आणि ओतीव लोखंड गंजतं. दुसरी बाजू पूर्ण बंद: साधा पंप, एक्स्पान्शन टँक, 12 पीएसआय भरण, 30चा रिलीफ व्हॉल्व्ह. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे या बाजूला हीटिंगसाठीचं प्रॉपिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) घालता येतं. तीन बाहेरच्या भिंतींच्या खोलीत वीज गेली तर पाइप गोठायची धास्ती असते, आणि बॉयलरच्या पाण्यात ते घालता येत नाही.

बेसबोर्ड 180 डिग्रीवर धरू नकोस. एक्स्चेंजरमध्ये थोडं तापमान जातं, म्हणून 160 धर. फुटाला 450च्या आसपास बीटीयू मिळतील, म्हणजे साधारण 22 फूट लागेल. मिनिटाला गॅलनभर पाणी पुरतं. दोन भिंतींना लाव, पलंग तिसऱ्या भिंतीला.

सई_जर्सी
काका, केवढा धीर आला म्हणून सांगू! ग्लायकॉलचं तर डोक्यातच नव्हतं. पण फक्त त्याच खोलीला ऊब हवी असेल तेव्हा आख्ख्या घरात वाफ नाही ना जाणार?

बोस्टनकाका
नाही जाणार. वॉटरलाइनखालच्या मोकळ्या टॅपिंगमध्ये (प्लग लावलेल्या भोकात) अॅक्वास्टॅट, म्हणजे पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच, बसवायचा, 180वर. खोलीच्या थर्मोस्टॅटने मागणी केली की रिलेमार्फत पंप सुरू होतो, बर्नर पेटतो आणि 180ला विझतो. वाफ होतच नाही. घराच्या थर्मोस्टॅटने मागणी केली की बर्नर नेहमीसारखा प्रेशरट्रोलवर (वाफेचा दाब वाढला की बर्नर बंद करणारा स्विच) चालतो. दहा-बारा गॅलन पाणी आणि ते जड लोखंड मिळून उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे बर्नर सारखा चालू-बंद होणार नाही.

वायरिंग करणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांग: मागणी कुठूनही येवो, लो-वॉटर कटऑफ (पाणी कमी झालं की बर्नर बंद करणारा स्विच) आणि प्रेशरट्रोल दोन्ही त्या वाटेत आलेच पाहिजेत. नवा रिले त्यांना वळसा घालून थेट गॅस व्हॉल्व्हला जोडलेला चालणार नाही. पाणी कमी असताना बर्नर पेटला तर बॉयलर तडकतो, आणि खालच्याच मजल्यावर तुझे आई-बाबा झोपलेले असतील. परमिट काढ, इन्स्पेक्टरला हे जोडकाम दाखव.

टॅपिंग कुठलं मोकळं आहे ते कळत नसेल तर बॉयलरच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाक. चौकोनी प्लग दिसतील तेवढे सगळे फोटोत येऊ देत.