पोफळीच्या बागेतला हौद आणि डास: औषध न मारता काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमचं घर आणि पोफळीची बाग आहे. बागेत सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत, म्हणून आमच्या आवारात धुरफवारणी नको असं मी सांगून ठेवलंय. त्या औषधाने डासांबरोबर मधमाश्याही मरतात आणि पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. घरात कॉइल लावली, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, तरी आईला खोकल्याची उबळ येते. त्यात श्रावणात शेजारच्या घरी डेंग्यू झाला, तेव्हापासून धास्तीच बसली आहे.

दर रविवारी बागेत फिरून विऱ्या (पोफळीच्या गळून पडलेल्या झावळांचे खोलगट देठ) आणि करवंट्या पालथ्या करतो. दिवसा चावणारा पट्टेरी डास एवढ्याशा पाण्यातही आठ-दहा दिवसांत तयार होतो. पिंपं आधी नुसती रिकामी करायचो. पण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात हे समजल्यापासून काथ्याने घासून काढतो. संडासाच्या टाकीच्या नळीला जाळी बांधली, त्याने रात्रीचे डास बरेच कमी झाले.

अडलंय ते हौदापाशी. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेइतकं पाणी. गुरं तेच पितात, उन्हाळ्यात शिंपणंही त्यावरच. दर आठवड्याला उपसणं शक्य नाही. जळकं ऑइल ओत, असं दोघांनी सांगितलं. ते मी करणार नाही.

आरोग्य केंद्रातून अळ्या खाणारे गप्पी मासे मिळतील, पण पावसात हौद भरून वाहतो आणि पाणी थेट पऱ्यात (ओढ्यात) जातं. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो पऱ्यात पसरला तर तिथल्या माशांचं, बेडकांच्या पिल्लांचं काय होईल? सांडव्याला जाळी लावून कुणी गप्पी पाळलेत का? की पऱ्यातलेच छोटे मासे आणून सोडावेत? अळ्या खाणारे कुठले, हे अनुभवाने कुणी सांगेल का?

दुसरं, बीटीआय, म्हणजे बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) जिवाणूचा 'इस्रायलेन्सिस' हा प्रकार. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला हा जिवाणू. त्याचं विष डासाच्या अळीच्या पोटात गेल्यावर काम करतं, गुरांना आणि मधमाश्यांना बाधत नाही. मला तेच हवंय. पण कृषी दुकानात बीटी मागितली की झाडावरच्या अळ्यांसाठीची दुसऱ्या प्रकारची बीटी, 'कुर्स्टाकी', पुढे करतात, ती डासांवर चालत नाही. घरगुती वापरापुरती बीटीआय कोकणात कुठे मिळते? शेवाळलेल्या हौदात ती किती टाकायची, आणि जोराचा पाऊस होऊन हौद वाहिला की लगेच पुन्हा टाकावी लागते का?