गालजीबागला चार शॅक झाले तर कुणाचं काय बिघडतं?

हळदीचा_पेव, सांगली
आंबोलीमार्गे गोव्याला गेलो. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून काणकोण तालुक्यातच थोडं दक्षिणेला गालजीबागच्या किनाऱ्यावर उतरलो. सुरूचं बन, बाजूला नदीचं मुख, दोन्ही टोकांना ग्रॅनाईटचे खडक आणि मध्ये रिकामी वाळू. झकास! पण आईला बाथरूम शोधत फिरवावं लागलं. चार शॅक (वाळूवरची झोपडीवजा हॉटेलं), शौचालय, दिवे करा की. आपण एवढं डिझेल जाळून जातो ते काय नुसती वाळू बघायला?

यवतेश्वरकर
दादा, आमच्या कासला विचारा. 2012 ला जागतिक वारसा यादीत नाव लागलं आणि फुलांवर लोळून फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली. मग तिकीट, रोजच्या माणसांवर मर्यादा, जाळी. जाळीनं गुरं चरायची थांबली, गवत माजलं म्हणून फुलं कमी झाली अशी ओरड झाली, शेवटी जाळीही काढली. सोयी आधी आल्या की निस्तरायला जन्म जातो.

हळदीचा_पेव
कास हे पठार आहे हो, फुलं तुडवली की गेली. वाळूला काय होतंय?

मिरजेची_ताई
वाळूला नाही, वाळूतल्या अंड्यांना. गालजीबाग ही ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालायची जागा आहे. मादी रात्री येते, खड्ड्यात शंभरेक अंडी घालते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात ती उजेडाच्या दिशेनं धावतात. समुद्राऐवजी तुमच्या शॅकचा दिवा दिसला तर तिकडंच. शिवाय हंगाम हिवाळ्याचा, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांत अशा जागा सगळ्यात कडक वर्गात आहेत, उगाच नाही.

हळदीचा_पेव
मग आगोंदला कासवं येत नाहीत? तिथं तर हॉटेलं उभी आहेत!

काळा_पत्थर, कराड
एकीकडं चुकलं म्हणून दुसरीकडं पण चुकायचं का, राव?
आपला मुलूख सगळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर येऊन पटकन थंड झालेला लाव्हा. तिकडचा ग्रॅनाईट त्याहून कितीतरी जुना, जमिनीखाली सावकाश थंड झालेला, म्हणून त्यातले कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खडकांची टोकं समुद्रात घुसलेली आणि त्यांच्या बेचक्यात वाळू, असे तिथले बरेच किनारे. कळंगुटसारखा सलग पट्टा नव्हे. गालजीबागच्या बेचक्यात वीस शॅक टाकले की कासवाला उरतं काय?

मिरजेची_ताई
मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. 2002 पासून तिथं कासवांची घरटी राखतात. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, तिथंच जेवतात, पैसा गावात राहतो. वाळूवर बांधकाम नको. शौचालय हवं तर गावात, रस्त्याकडेला बांधा.

हळदीचा_पेव
ताई, वेळासची माणसं स्वतः पुढं आली. गालजीबागच्या पोरांना शॅकच टाकायचा असेल तर आपण सांगलीत बसून नको म्हणणारे कोण?

यवतेश्वरकर
आणि सांगलीत बसून हवा म्हणणारे कोण?

हळदीचा_पेव
बरं, शौचालय रस्त्याकडेला, मान्य. पण नदीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते. जीवरक्षकाचा मनोरा तरी वाळूवरच लागेल ना?

मिरजेची_ताई
लागेल. बिनदिव्याचा. अंधार पडायच्या आत त्यानं शिट्टी मारायची आणि तुम्ही आईंना घेऊन गावात जेवायला जायचं.

हळदीचा_पेव
जेवणात मासे असतील तर विचार करतो. शॅकचं मात्र गावालाच ठरवू दे, माझं मत बदललेलं नाही.