गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान द्यायचं, की निराधारांचं मानधन वाढवायचं?

माळरान (धागाकर्ता)

बँकेतल्या नोकरीची शेवटची काही वर्षं मी गृहकर्ज विभागात होतो. पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज अनुदानाची कितीतरी प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. ही शहरी योजना २०१५ साली आली. वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के सवलत, म्हणजे एकरकमी जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये कर्जखात्यात जमा. पुढे १२ आणि १८ लाख उत्पन्नवाल्यांनाही कमी दराने ती खुली झाली. २०२२ मध्ये बंद पडलेलं हे अनुदान सप्टेंबर २०२४ पासून दुसऱ्या टप्प्यात परत आलं आहे. आता उत्पन्नाची मर्यादा ९ लाख, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, आणि पाच वार्षिक हप्त्यांत मिळून १ लाख ८० हजार.

माझं मत सरळ आहे. हे अनुदान थांबवावं आणि हा पैसा ज्यांना कर्जच मिळत नाही त्यांच्याकडे वळवावा. धुणीभांडी करणारी बाई, हातगाडीवाला, नाक्यावरचा मजूर यांच्याकडे पगाराची स्लिप नसते, त्यामुळे त्यांचा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत जातो. मी स्वतः असे अर्ज परत केले आहेत. अनुदान त्यानंतरच्या पायरीवर आहे, म्हणजे ज्याच्यावर बँकेचा आधीच भरवसा आहे त्यालाच सरकारही हात देतं.

दुसरीकडे संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, वर्षाचे १८ हजार. एका घरखरेदीदाराचे १ लाख ८० हजार म्हणजे तिचं दहा वर्षांचं मानधन. त्यातही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला पावणेदोन हजारांत कुठलं घर चालतं? लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे.

बदलापूरची रेवा

काका, तुमचा राग समजला, पण तो चुकीच्या माणसांवर निघतोय.

आम्ही २०१८ मध्ये वन आरके घेतलं. नवरा कुरिअर कंपनीत, मी कपड्यांच्या दुकानात. दोघांच्या स्लिपा होत्या म्हणून १४ लाखांचं कर्ज मिळालं, पण पुढचा हप्ता कसा भरायचा या विचाराने रात्री झोप नसायची. अनुदान यायला नऊ महिने लागले. आल्यावर हप्ता साधारण २,३०० रुपयांनी उतरला, आणि त्यात मुलाची शाळेची फी निघाली. त्याआधी अकरा महिन्यांच्या करारावर सहा वर्षांत चार घरं बदलली होती. प्रत्येक वेळी डिपॉझिट, दलाली, टेम्पो, गॅसचा पत्ता, शाळेची बस.

आणखी एक गोष्ट तुमच्या हिशेबात आलीच नाही. आमच्या उत्पन्नगटात घर बाईच्या नावावर किंवा तिला सोबत घेऊनच घ्यावं लागायचं. माझ्या सासरी तीन पिढ्यांत एकाही कागदावर बाईचं नाव नव्हतं. पहिलं माझं लागलं, ते या अटीमुळे. निराधार ताईंचे पैसे जरूर वाढवा, मी तुमच्यासोबत तहसीलला येते. पण ते माझ्या ताटातून का काढायचे?

पाणंद

रेवाताई, तुमचं घर तुम्हाला लखलाभ असो, पण अनुदान खरंच तुमच्या ताटात पडलं का, हे तपासायला हवं. तेव्हाचे होर्डिंग आठवा, '२.६७ लाखांची बचत' हे अक्षर घराच्या किमतीपेक्षा मोठं असायचं. ग्राहकाच्या हातात अडीच लाख जास्त आहेत हे माहीत असताना बिल्डर चौरस फुटाचा भाव कशाला कमी करेल? घरं तेवढीच ठेवून पैसा वाढवला, तर तो भावात जिरतो.

बदलापूरची रेवा

भाव तर २०२२ नंतर अनुदान बंद असतानाही उतरले नाहीत. आमच्याच गल्लीतलं पाहतेय. अनुदान गेलं, भाव राहिला, आणि मध्ये अडकला तो भाडेकरू.

पाणंद

हा मुद्दा मान्य. जमीन आणि सिमेंटचे भावही त्यात आहेत. तरी अनुदान मागणीला देण्यापेक्षा घरं बांधायला द्यावं, हे माझं मत कायम आहे.

चाळीतला सोलापूरकर

पाणंद म्हणतात त्याचं उदाहरण आमच्याकडं उभं आहे. कुंभारीचं रे नगर. विडी कामगार, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे यांच्यासाठी ३० हजार घरांचा प्रकल्प, आणि त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. यामागं माजी आमदार नरसय्या आडम आणि कामगार संघटनेची अनेक वर्षांची लढाई आहे. त्याच आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख आणि उरलेले कामगाराचे.

माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली. हजार विड्यांमागं मजुरी, स्लिप कसली? माळरान म्हणतात तसं एकट्या बाईला बँकेनं दारातून परत पाठवलं असतं. हजारो जणी एकत्र आल्या तेव्हा त्यांच्यासाठी मार्ग निघाला. म्हणून मला हा वाद व्याज की मानधन असा दिसतच नाही. जिथं लोक संघटित आहेत तिथं घर बांधून द्या. पण घर शहराबाहेर गेलं की कामावर जायचं रिक्षाभाडं वाढतं, तेही योजनेत धरा.

वाडीवरचा

सगळे शहराचंच बोलताय. आमच्याकडं घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात, वरून रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. राज्यानं अलीकडं ५० हजारांची वाढ जाहीर केली, ती चांगली झाली. पण पैसा टप्प्याटप्प्यानं येतो. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. पुढचं बांधल्याशिवाय पैसा नाही आणि पैशाशिवाय बांधता येत नाही. अडलेला माणूस महिना पाच टक्क्यांनी सावकाराकडनं उचलतो. माळरानसाहेब, व्याजाची सवलत द्यायचीच असेल तर या पैशाला द्या.

माझी चुलती विधवा आहे. घरकुल मंजूर, पण नावावर जागा नव्हती. जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतनं १ लाखापर्यंत मिळतात, हे तिला ग्रामपंचायतीत कुणी सांगितलं नाही, भाच्यानं मोबाईलवर शोधलं. पाच ब्रास वाळू मोफत मिळाली, वाहतूक मात्र तिच्याच खिशातनं. निराधारचा अर्ज दोन वेळा परत आला, कारण ती शेतात मजुरीला जाते आणि खरं उत्पन्न सांगते. खोटं सांगणारीला दाखला मिळाला.

माळरान

वाडीवरचा, तुमची शेवटची दोन वाक्यं तीनदा वाचली. २१ हजारांची अट गरिबाला खोटं बोलायला लावते आणि जी बोलत नाही तिला बाहेर ठेवते. निदान लाडकी बहीणइतकी, अडीच लाखांची मर्यादा निराधारला लावावी, ही मागणी मी आता पहिली धरतो.

रेवाताई, बाईच्या नावाची अट माझ्या लक्षातून निसटली होती. म्हणून माझं म्हणणं थोडं बदलतो. ६ लाखांच्या आतल्या कुटुंबाचं अनुदान राहू द्या. ६ ते ९ लाखवाल्यांचं काढा.

बदलापूरची रेवा

नाही काका, तेही पटत नाही. आज आमच्या दोघांचा पगार मिळून साडेसहा लाखांवर गेलाय. माझ्या जागी आज एखादी नवी जोडी असेल, तर तुमच्या हिशेबात ती श्रीमंत ठरणार, आणि बदलापुरात २० लाखांत घर आता मिळतच नाही. उत्पन्नाची रेघ मुंबईच्या परिसरात आणि हिंगोलीत एकच कशी असेल? आणि नव्या नियमात अनुदानाचा वार्षिक हप्ता यायच्या वेळी निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. म्हणजे दिवाळीचा बोनस कर्जात भरून जी लवकर मोकळी होऊ पाहते, तिचेच ३६ हजार अडकू शकतात. बदलायचं तर आधी ही अट बदला.

वाडीवरचा, चुलतीचं निराधारचं प्रकरण कोणत्या तहसीलला अडकलंय? परत आलेल्या दोन्ही अर्जांवर कारण लेखी दिलंय का? नसेल तर ते आधी लेखी मागा, त्याशिवाय वर दाद मागता येत नाही.

वाडीवरचा

तोंडीच सांगितलंय, ताई. सोमवारी तिला घेऊन जातो आणि लेखी मागतो.