तळं भरलं, माणसाचं काय?

बोडीकाठचा, अर्जुनी मोरगाव
हवामानबदलावरच्या कथा-कादंबऱ्यांत शहर बुडतं, जंगल जळतं, उरलेले पळतात. विदर्भातून याच्या उलटी गोष्ट यावी असं मला मनापासून वाटतं. जमीन सावरते आणि तिच्यासंगे माणूसही सावरतो, अशी.

मी हे पाहिलंय. आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तलाव बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजानं सुमारे ३०० वर्षांपूर्वी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. पाळ, तुडूम (पाणी सोडायची जागा), पाट कोणाचेच राहिले नाहीत. गाळ साचला, बेशरम नावाचं झुडूप माजलं, गावठी मासोळी घटली. शेजारच्या गावात ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, बाया कमरेएवढ्या चिखलात उतरल्या आणि बेशरम मुळासकट उपटली. नुसती कापली तर कांडीकांडीला फुटते. मग काठच्या गाळात देवधान, म्हणजे रानटी धान, लावलं, कारण मासोळीला अंडी घालायला आणि पिलांना लपायला झाडोरा लागतो. त्यातल्या एकीचा मुलगा गेला होता. दोन वर्षं ती कोणाशी धड बोलली नव्हती. ती मला अर्धा तास, हात चिखलात तसाच ठेवून, मरळ कुठं बसते ते सांगत होती. ही बाई कथेत का येऊ नये?

कोरडवाहू, यवतमाळ
भाऊ, तुमचं तळं खरं आहे. पण ही गोष्ट धोक्याची आहे. बाबा गेले त्या साली आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हिरवीगार होती. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसतच नाही. बोंड चांगलं टपोरं, फोडलं की आत कवडी, म्हणजे किडका कापूस. हिरवं म्हणजे बरं, हे आमच्या घरी कोणी मानत नाही. पुढं नाल्याचं खोलीकरण झालं, विहिरीला पाणी आलं. आई अजून रात्री तीनला उठून दाराची कडी चाचपते.

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची २०२० ची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेनं सुरू होते. पुढं जग मार्गावर येतं, पण त्या लाटेतून वाचलेल्या माणसाच्या मनातून ती जात नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. ‘पाऊस आला, दुःख वाहून गेलं’ असं लिहिलं की सावकार सुटतो, बियाणंवाला सुटतो, आणि न सावरलेल्या बाईलाच लोक विचारतात, तुझंच काय अडलं?

मोहफूल, धानोरा
तुम्ही दोघंही हक्कांबद्दल बोलत नाही. आमच्याकडच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ ला मिळाला, बांबूचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती २०११ ला आले. बांबू तोच, पास फाडणारा हात बदलला. माणूस ताठ उभा राहतो तो तिथं. निव्वळ झाडं लावून नाही.

बोडीकाठचा
मोहफूल, मान्य. ज्या तळ्यातली मासोळी ठेकेदाराची, तिथं बेशरम उपटायला कोण उतरणार?
कोरडवाहू, मी ‘बरी झाली’ असं कुठंच म्हटलं नाही. ती बोलली, एवढंच. मला तेवढंही कथेत हवंय, कारण दुसरं टोक आपण वर्षानुवर्षं वाचतोय. विदर्भातला शेतकरी कथेत आला की पानं उलटायच्या आधी त्याचा दोर दिसतो. आमची पोरं हेच वाचून मोठी होतात. एक विचारू? कडी पाहून झाल्यावर आई झोपतात का?

कोरडवाहू
नाही. आमच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, तेव्हा रात्रीची असते. मोटर सुरू करते, मग टॉर्च घेऊन वावरात जाते आणि हरभऱ्याच्या कोणत्या सरीत पाणी पोचलं ते पाहते. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणते. याला सावरणं म्हणायला मी अजून तयार नाही. पण लिहाल तर तो टॉर्च राहू द्या, आणि कडीही.